रील चालली, पण गिऱ्हाईक येऊन नाही राहिलं

कूलरवाला_मानेवाडा

नमस्कार. नागपुरात मानेवाडा रिंगरोडला आमचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि एक पोऱ्या मिळून सांभाळतो. होळी झाली की ताट्या (कूलरच्या बाजूंना लावतात त्या गवताच्या) बदलणाऱ्यांची रांग, एप्रिल-मेमध्ये पंप आणि मोटर, आणि मृग लागला की शटर अर्धं खाली. मागच्या उन्हाळ्यापासून इन्स्टावर रील टाकून राहिलो. आतापर्यंत ६४ झाल्या.

त्यातली एक भल्ली चालली. बाबा खाली बसून एका कूलरची टाकी साफ करत होते, पोऱ्यानं वरून पाइप सोडला आणि बाबा टोपीसकट भिजले. त्यांनी जे तोंड सोडलं, ते मी मधे मधे बीप टाकून लावलं. ६ लाख व्ह्यूज. दोनेकशे फॉलोअर्स होते, त्याचे ११ हजार झाले. म्हटलं, जमलं बावा.

त्यानंतर जे टाकतो ते तीनशे-चारशेवर जाऊन बसते. ताटी कधी बदलायची, पंप कोणता घ्यायचा, सगळं मनापासून सांगितलं. त्या ११ हजारांतून दुकानात किती आले? एक. तोही बाबांना पाहायला आला होता. त्याच्या घरी एसी आहे.

करून पाहिलं नाही असं काही ठेवलं नाही. रोज तीन रील टाकल्या, ढीगभर हॅशटॅग लावले, सकाळी ७ ला टाकून पाहिलं, रात्री ९ ला टाकून पाहिलं. गाजलेली गाणी बाहेरून उतरवून लावली, तर दोन रीलचा आवाजच उडाला. आता नवतप्याला (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांना) महिना राहिला आणि आमचा सगळा धंदा त्याच्या आतबाहेरच होते. काहून अडकलं हे कोणी सांगेल का? 'ताटी कधी बदलावी' ही शेवटची रील पाहून बिनधास्त बोला. मला राग येत नाही. बाबांना येतो.

शॉर्टकट_पोट्टा

भाऊ, तीननं काय होते? रोज पाच टाका. अल्गोरिदमला सतत चारा लागतो. नाहीतर थोडे फॉलोअर्स विकत घ्या, आकडा मोठा दिसला की लोक आपोआप येतात.

कुरडईवाली

दादा, रोज पाच टाकायच्या भानगडीत पडू नका. मे महिन्यात झोपाल कधी?

मी रविनगरला राहते. सासूबाईंच्या हातचे सांडगे, मूगवड्या, कुरडया विकते. माझे फॉलोअर्स चार हजारांच्या आत आहेत आणि मार्च संपायच्या आधी मला ऑर्डर बंद करावी लागते, कारण गच्चीवर खाट टाकायला जागा उरत नाही. पण त्याआधी मीही एका एजन्सीला १८ हजार रुपये देऊन बसले होते. महिन्याभरात सात हजार फॉलोअर्स आले. उघडून पाहिलं तर निम्म्यांना फोटो नाही, नावात नुसते आकडे. त्यातल्या एकानंही आयुष्यात कुरडई खाल्ली नसेल. शेवटी ते अकाउंट सोडून दिलं आणि शून्यापासून नवं काढलं. तेव्हा विकत घ्यायचा विषय इथेच संपवा.

तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमची माणसं खरी आहेत, पण ती कूलरसाठी आलेली नाहीत, तुमच्या बाबांच्या शिव्यांसाठी आलेली आहेत. त्यांच्यासमोर ताटी आली की ते बोट सरकवतात. सुरुवातीलाच इतके जण निघून गेले, तर ती रील पुढे कोणाला दाखवणार? इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टा आपल्या अकाउंटचे आकडे दाखवतं तिथे, जाऊन फॉलोअर्सची शहरं बघा. नागपूर कितव्या नंबरवर आहे ते इथे सांगा.

आता तुमची ती रील. चारदा पाहिली. ५२ सेकंदांची आहे. आधी तुमचा लोगो गोल फिरतो, मग 'नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत', मग दुकानाचं नाव, मग पत्ता, तोही बसस्टॉपच्या खुणेसकट. १४ व्या सेकंदाला तुम्ही कूलरची बाजू काढता आणि जुन्या ताटीवर हात फिरवता. दोन्हीकडे ओलं काळपट गवत आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक कोरडा पट्टा, चार बोटं रुंद, खारानं पांढरा झालेला. तुम्ही जाता जाता म्हणता, 'सगळी झाव (गरम हवा) इथूनच आत येते', आणि पुढे पंपावर जाता.

अहो, तीच तर रील आहे! मी फोन ठेवून उठले आणि आमच्या कूलरची बाजू काढून पाहिली. आमच्याही ताटीला तसाच पट्टा आहे. तीन उन्हाळे आम्ही 'आता पूर्वीसारखा गार करत नाही' म्हणत बसलोय.

सुरुवात तिथून करा. नमस्कार नको, लोगो नको. कोरडा पट्टा, त्यावर तुमचं बोट, आणि 'कूलर चालू आहे तरी गरम हवा येते? हे पाहा.' मग वरच्या पाइपची बुजलेली भोकं पिनेनं मोकळी करा, धार पडू द्या, पट्टा भिजताना दिसू द्या. वीस सेकंद पुरे. पत्ता खाली मजकुरात लिहा.

दुसरं म्हणजे, इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं की रील किती वेळ पाहिली, किती जणांनी लाइक केली आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असतं. आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं तर पाठवण्याला जास्त. ते ऐकल्यापासून मी कॅमेरा काढायच्या आधी एकच विचार करते, ही रील कोण कोणाला पाठवेल? गव्हाचा चीक शिजताना घोटायची रील घ्या. तिच्यात मी काहीच बोललेले नाही, नुसता पळीचा आवाज आहे. पुण्या-मुंबईला दिलेल्या पोरी ती आईला पाठवतात, आणि आई मला ऑर्डर देते.

गाण्याचं म्हणाल तर तुमचं अकाउंट बिझनेसचं असणार. त्याला गाजलेली गाणी मिळत नाहीत, क्रिएटर अकाउंटला जास्त मिळतात. पण तुम्हाला गाणं हवंय कशाला? दुपारी दोनला ताटीवरून पाणी ठिबकल्याचा आवाज ऐकवा.

सक्करदऱ्याचे_काका

वय ६८. नातू दाखवतो म्हणून रील पाहतो. माझं प्रामाणिक मत असं की रील पाहून कोणी मिस्त्री बोलावत नाही. शेजाऱ्याला विचारतो आणि बोलावतो. चाळीस वर्षं असंच पाहिलं आहे.

पण तुम्ही इथे भेटलाच आहात तर विचारतो. माझ्या कूलरचा पंखा व्यवस्थित फिरतो, पंप घुं घुं करतो, पाणी मात्र वर चढत नाही. पंप मागच्याच वर्षी घेतला आहे. फेकू काय?

कट_टू_कट

मी महालात एडिटिंग करतो, लग्नाचे व्हिडिओ आणि दुकानांच्या रील. ताईंचं बहुतेक सगळं पटलं, एक सोडून. त्यावर शेवटी येतो.

आधी माझं रडगाणं. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅप बंद केले, त्यात टिकटॉक गेलं. माझे तिथे ८० हजार होते. सकाळी उठलो तर घरच नाही. पुढच्याच महिन्यात इन्स्टानं भारतात रील आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स आणले, आणि आम्ही पुन्हा पहिलीत बसलो. तेव्हापासून एकाच अंगणात सगळं वाळवण टाकायचं नाही हे कानाला खडा लावून शिकलो. (ताई, उपमा तुमच्याकडून उसनी.)

भाऊंच्या धंद्याला तर यूट्यूब जास्त लागू पडते. इन्स्टावर माणूस टाइमपासला येतो. यूट्यूबवर घाम पुसत पुसत टाइप करतो, 'कूलर पानी नहीं उठा रहा'. ती शॉर्ट पुढच्या एप्रिलमध्येही कामाला येते. तेव्हा शीर्षक तुम्हाला नाही, गिऱ्हाईकाला जसं सुचेल तसं द्या, मराठीत एक आणि हिंदीत एक. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट ३ मिनिटांपर्यंत चालते, पण चालते म्हणून ताणू नका. आणि इन्स्टावरून उतरवलेली शिक्क्याची (वॉटरमार्कची) फाइल तिकडे चढवू नका, मूळ फाइल चढवा. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेली रील इन्स्टाही कमी लोकांना दाखवतं.

आकडा पाहून हुरळूनही जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसती सुरू झाली तरी यूट्यूब तो व्ह्यू धरतं. जाहिरातीच्या पैशासाठी शॉर्ट्सवाल्याला १ हजार सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. तो नाद आपला नाही. तुम्हाला एका उन्हाळ्यात शंभर घरं जास्त मिळाली तरी पुष्कळ.

आता मतभेद. ताईंचं ऐकून बाबांना बाजूला करू नका. लोक बाबांसाठी आले असतील तर बाबांकडूनच कूलर सांगवा. ११ हजारांत नागपूरचे हजार जरी निघाले तरी त्यांना बाबांचा चेहरा ओळखीचा आहे. पत्त्यापेक्षा तो चेहरा मोठा आहे.

कुरडईवाली

बाजूला करा असं मी कुठे म्हटलं? ओलं करू नका एवढंच म्हणणं आहे.

आणि हो, एक राहिलं. तुमच्या अकाउंटला 'ट्रायल' चा पर्याय दिसतोय का बघा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यात रील आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवतात. तुमच्यासारख्या, चुकीची वरात घरात आलेल्या माणसासाठी बरं पडेल.

कूलरवाला_मानेवाडा

दहा दिवसांनी लिहून राहिलो, माफी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

शहरं पाहिली ताई. लखनौ, पाटणा, इंदूर, दिल्ली, आणि मग पाचव्या नंबरला नागपूर. पाहून खाली बसलो.

कोरड्या पट्ट्याची रील पिनेपासून धारेपर्यंत १९ सेकंदांची केली. ट्रायलमध्येच टाकली. व्ह्यूज आले ४,१००, म्हणजे बाबांच्या पुढे काहीच नाही. पण २१२ जणांनी ती कोणाला ना कोणाला पाठवली. ६४ रील मिळून एवढ्या पाठवल्या गेल्या नसतील.

दुसरी ठरवून केलेली नाही. बाबांना म्हटलं कॅमेऱ्यासमोर बोला, तर म्हणे मी काय नाटक्या आहे? सोडून दिलं. दुपारी एक जुना लोखंडी कूलर आला. गिऱ्हाईक म्हणे, 'थोडा करंट मारतो, पण चालते'. बाबांनी बॉडीला टेस्टर लावला आणि तो लागला ना! त्यांनी टेस्टर तसाच धरून त्या माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, 'घरी लेकरं आहेत का?' तो म्हणे, दोन. बाबा म्हणे, 'मग थोडा म्हणजे किती, ते मला सांग.' पुढे त्यांनी अर्थिंगची तार कशी तुटली होती ते दाखवलं, आणि पाणी भरायच्या आधी बटन नाही, प्लगच काढायचा, हे त्या माणसाकडून तीनदा वदवून घेतलं. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी येते, आणि बाबांनी तसं एक घर स्वतः पाहिलेलं आहे. मी फोन काउंटरवर टेकवून ठेवला होता. त्या माणसाला विचारून, त्याचा चेहरा कापून टाकली.

३८ हजार. कॉमेंटमध्ये लोक आपल्या भावाला, जावयाला टॅग करून राहिले. नागपूर पहिल्या नंबरला, खाली वर्धा, अमरावती. आठवड्यात सात फोन आले, त्यातली पाच कामं झाली. एकानं फोनवर विचारलं, 'ते रागावणारे काका घरी येतील का?'

सगळंच जमलं असं नाही. 'पंप कसा निवडावा' ट्रायलमध्ये टाकली, ती १८० वर मेली. यूट्यूबवर सहा टाकल्या, अजून थंड आहे. आणि पाऊस लागल्यावर काय दाखवायचं हे मला अजून सुचलेलं नाही, दमट हवेत कूलर चालत नाही तर त्याची रील काय चालणार?

काकांचा पंप राहिला. काका, फेकू नका. प्लग काढा, पंप बाहेर घ्या, खालची जाळी काढा. आत छोटी पंखी असते, ती बोटानं फिरते का पाहा. अडकत असेल तर बोअरच्या पाण्याचा खार बसला आहे. लिंबाच्या पाण्यात तासभर ठेवा आणि जुन्या ब्रशनं घासा. बसवताना पंप पूर्ण पाण्यात बुडला पाहिजे.

सक्करदऱ्याचे_काका

जाळी निघाली नाही. डोळ्यांना दिसत नाही आता. तुम्ही येता काय? आणि बाबांना आणा.

कूलरवाला_मानेवाडा

उद्या सकाळी ८ च्या आत येतो काका. पत्ता इथे टाकू नका, इन्स्टावर मेसेज करा.

सक्करदऱ्याचे_काका

बापलेक दोघे येऊन गेले. पंपात शिंपल्याएवढा खार निघाला. पाणी चढले. शेजारच्यांनीही आपला कूलर दाखवून घेतला, त्यांनी ती टेस्टरवाली रील पाहिली होती म्हणे. माझे आधीचे मत मी अर्धे मागे घेतो.

कुरडईवाली

दादा, काकांकडचा खार काढताना शूट केलंत ना?

कूलरवाला_मानेवाडा

नाही ना ताई. हात ओले होते, आणि काकूंनी तर्री-पोहे आणले.