एकाच पायाची पोटरी दुखत असेल तर

पाय भरून आल्यास कोमट खोबरेल लावून घोट्याकडून गुडघ्याकडे जोर देत चोळावे आणि तेवढ्याने भागले नाही तर डीप टिश्यू मसाज (स्नायूंच्या खोल थरांपर्यंत जोर देऊन केलेली मालिश) घ्यावा, हा सल्ला दिवसभर उभे राहून थकलेल्या पायांसाठी योग्यच आहे. मात्र दुखणे एकाच पोटरीत असेल तर तो लागू करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई मुंबईहून रात्रीच्या बसने म्हापशाला आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची डावी पोटरी ठणकू लागली. प्रवासाचा शीण समजून आम्ही तेल गरम करायला ठेवलेही होते. पण मोजे काढले तेव्हा डाव्या पायावर मोज्याचा वळ खोल रुतलेला होता, उजव्यावर जेमतेम दिसत होता आणि डाव्या पोटरीला हात लावला तर ती गरम लागत होती.

डॉप्लर तपासणीत (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेतते, म्हणून तेथे हलका हातसुद्धा नको. लांबचा प्रवास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बरेच दिवसांचे अंथरूण यांनंतर एका पायाला सूज आली, तर मालिशवाल्याला बोलावण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सासूबाईंना पुढे काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या.