बुटका, रुंद सर्फबोर्ड घ्यायचाय, कोल्हापुरातून समुद्रावर ये-जा करणाऱ्यांनी सांगा

राजारामपुरी_पासून_लाट
राम राम मंडळी. गोव्यात अश्वे आणि मांद्रेला सर्फिंग शिकलोय, आठ फुटी सॉफ्टटॉपवर (वरून मऊ फोमचा शिकाऊ बोर्ड). फुटायच्या आधीची लाट पकडता येते, तिरका जातो, आता वळायचं शिकायचंय आणि त्यासाठी स्वतःचा बोर्ड पाहिजे. अडचण अशी की कोल्हापूरहून आजरा-आंबोली-सावंतवाडी करत तिथं पोचायचं म्हणजे अर्धा दिवस घाटातच जातो, मग समोर जी लाट असेल तीच आपली, उद्या चांगली येईल म्हणून थांबता येत नाही. कधी गुडघ्याएवढी आणि एकदम मऊ, कधी मे महिन्यात छातीपर्यंत, वाऱ्यानं विस्कटलेली. शिवाय हिवाळ्यात महाबलीपुरमला मित्राकडे जायचा विचार आहे. बोर्ड एकच घेणार. वजन 74 किलो, उंची 5 फूट 8 इंच, गाडी हॅचबॅक, त्यामुळं बुटका आणि रुंद असाच बघतोय.

दोन नजरेत आहेत. एक फिश (मागं माशाच्या शेपटीसारखा कापलेला), 5 फूट 6 इंच लांब, 21 इंच रुंद, जाडी अडीचला जरा कमी, घनफळ 31 लिटर. दुसरा 6 फूट, 22 इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, 41 लिटर. दुकानदार म्हणतो तरुण आहेस, फिट आहेस, छोटा घे. मला पटत पण नाही आणि सोडवत पण नाही. काय करू?

पंचगंगा_घाट
भावा 41 वाला. पहिल्यांदा लिटरचा हिशोब लाव, 31 ला 74 नं भाग, किलोमागं 0.42 येतं, एवढ्या कमी घनफळावर, म्हणजे कमी तरंगणाऱ्या बोर्डावर, जी पोरं रोज पाण्यात असतात त्यांचं जमतं. 41 ला भागलं की 0.55, महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी जाणाऱ्याला हेच बरोबर आहे. आपण कोल्हापूरची माणसं, अंगात ताकद असते, नदीत पोहून खांदे तयार असतात हे मान्य, पण सर्फिंगमधली पॅडलिंगची सवय वेगळी, पालथं झोपून मान वर धरून हात मारायचे, महिनाभर गॅप पडला की पहिल्या अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि तेव्हा ते जादाचे दहा लिटरच लाटेवर नेतात.

आणि नुसता रुंदीचा आकडा बघू नकोस. 22 इंच म्हणजे सगळ्यात रुंद जागेची रुंदी. ती जागा छातीखाली पडते का त्याच्याही मागं, आणि नोजपासून (पुढच्या टोकापासून) फूटभर मागं रुंदी किती उरते, हे बघ. पुढं रुंद असला की झोपल्यावर बोर्ड डगमगत नाही आणि लाट लवकर उचलतो. तसंच दुकानात गेलास की बोर्ड सपाट फरशीवर ठेव, मधे हातानं हलका दाब आणि बाजूनं वाकून नोज जमिनीपासून किती वर आहे ते बघ. दोन्ही बोर्ड शेजारी-शेजारी ठेवून बघितलंस तर लगेच कळेल. ज्याची उचल कमी तो सपाट, तो मऊ लाटेत पळणार. उचल जास्त असलेला बोर्ड मऊ लाटेत पाणी ढकलत बसतो, त्याची मजा उभ्या लाटेत. लोक लांबी-रुंदीवर तासभर बोलतात आणि हे बघतच नाहीत, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नात सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

देवबागची_सून
माहेर कोल्हापूर, आता किनाऱ्यावर राहते, म्हणून लाटेबद्दल सांगते. दादा, तुम्ही ज्या दिवसांत येणार ते बहुतेक ऑक्टोबर ते मे. त्यातले मधले महिने आपल्या बाजूचा समुद्र शांत असतो, लाट लहान, आणि दोन लाटांमधलं अंतर कमी. पाच-सात सेकंदांनी येणारी लाट ही जवळच्याच वाऱ्यानं उठवलेली असते, तिच्यात दम नसतो, ती उभी राहते आणि लगेच विरते. अशा लाटेला रुंद आणि सपाट बोर्डच पाहिजे, कारण ती विरायच्या आत तुम्हाला वेग मिळाला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये कधीकधी लांब दक्षिणेकडून आलेली लाट असते, चौदा-पंधरा सेकंदांच्या अंतराची, ती दिसायला कमरेएवढी पण ढकलते एकदम जोरात. अंदाज बघताना उंचीच्या बरोबरीनं हे सेकंद बघत जा, उंची सारखी असली तरी दोन दिवस पूर्ण वेगळे असतात.

वारा पण बघा. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडं, पाणी तेलासारखं गुळगुळीत. साधारण अकरा वाजल्यापासून खारा वारा सुरू झाला की सगळं विस्कटतं. म्हणून शनिवारी पहाटे कोल्हापूर सोडण्यापेक्षा शुक्रवारी रात्री येऊन झोपा आणि उजाडताना पाण्यात उतरा, बोर्ड कुठलाही घ्या, याचा फायदा त्याच्यापेक्षा जास्त होईल.

आणि एक विनंती. पावसाळ्यात कुणीही नवीन बोर्ड घेऊन खाडीच्या तोंडाशी उतरू नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली ओढ वरून कळत नाही. जूनमध्ये घाटातून धबधबे बघत खाली उतरलेल्या माणसाला समुद्र पण तसाच वाटतो, तसा तो नसतो.

मोठा_बोर्ड_बरा
मी वेगळं सांगतो. दोन्ही नको, सात फुटी घे, 21-22 इंच रुंद, 45 लिटरच्या पुढचा. आठ फुटांवरून थेट सहावर आलास की लाटा पकडायचं प्रमाण एकदम घसरतं आणि वळायचं शिकायला आधी लाट तर मिळाली पाहिजे ना. सहा फुटी रुंद बोर्डावर पॉप-अप करताना (झोपलेल्यातून झटकन उभं राहताना) पाय नेमके जागेवर पडायला लागतात, सात फुटांवर थोडं पुढं-मागं झालं तरी चालून जातं. गाडीच्या टपावर सॉफ्ट रॅक लावला की झालं, पट्टे दारातून आत घेऊन बांधायचे, फिन (बोर्डाखालची पाती) वरच्या बाजूला आणि पुढं, नोज मागं.

पंचगंगा_घाट
@मोठा_बोर्ड_बरा लाटा जास्त मिळतील हे शंभर टक्के खरं, पण त्याला शिकायचंय वळायचं, आणि घाटातली वळणं, वारा, पाऊस, टपावर सात फुटी बोर्ड, दर वेळी ते बांधा आणि सोडा, त्यापायी माणूस जायचंच टाळतो. सहा फुटी बोर्ड हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून आणि पुढची एक सीट पूर्ण मागं रेलवून तिरका आत बसतो. जो बोर्ड गाडीत आत बसतो तो जास्त वेळा समुद्रावर जातो.

किल_फिन_वाला
आता महाबलीपुरमचं बोलू, कारण खरा पेच तिथं आहे. त्या बाजूला ईशान्य मोसमी वाऱ्याच्या काळात, ऑक्टोबर ते डिसेंबर, लाटेत जोर असतो, पश्चिम किनारा तेव्हा झोपलेला असतो. जोराच्या, उभ्या लाटेत रुंद सपाट बोर्डाचे दोन त्रास होतात. एक म्हणजे टेक-ऑफला (लाट पकडून उभं राहताना) नोज पाण्यात घुसतो, आणि दुसरं म्हणजे रुंद टेलला (मागच्या टोकाला) पाणी खालून वर उचलतं, ती पकड सोडते आणि बाजूला सरकते.

यावरचे उपाय जुने आहेत आणि जाणून घेण्यासारखे आहेत. फिश हा आकार सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसनं 1967 मध्ये गुडघ्यावर बसून चालवायच्या बोर्डासाठी काढला. टेल रुंद ठेवली पण मधून खोल कापली, म्हणजे मागं दोन निमुळती टोकं झाली आणि प्रत्येक टोकाला एक फिन. वळताना आतल्या बाजूचं एक टोक पाण्यात रुततं, म्हणून टेल रुंद असून पकड राहते. पुढं ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सनं दोन फिनांच्या छोट्या बोर्डावर 1979 ते 1982 सलग चार वेळा जगज्जेतेपद घेतलं. तरी मोठ्या लाटेत दोन फिन निसटतात ही तक्रार राहिलीच, त्यावर सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरनं तिसरी फिन लावली आणि 1981 ला ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या मोठ्या लाटांत त्याच बोर्डावर जिंकून दाखवलं. त्यानंतर तीन फिन हाच रिवाज झाला.

तुझ्यासाठी याचा अर्थ एवढाच, की पाच फिन-बॉक्स (फिन बसवायच्या खाचा) असलेला बोर्ड बघ. गोव्यातल्या मऊ लाटेत बाजूच्या दोनच मोठ्या फिन लाव, बोर्ड मोकळा पळेल. लाटेत जोर असेल त्या दिवशी तीन लाव. लाट उभी आहे पण वेग पण पाहिजे असं वाटलं तर चार. एका बोर्डाचे तीन बोर्ड होतात आणि खर्च फक्त फिनांचा. टेल मात्र कापलेली किंवा थोडी निमुळती बघ, पूर्ण चौकोनी रुंद टेल नको.

अजून एक, 41 लिटरचा जाडजूड बोर्ड लाटेखालून दाबून नेता येत नाही, ते मनातून काढून टाक. समोर फेस आला की रेल (बोर्डाच्या बाजूच्या कडा) घट्ट धरून बोर्डासकट उलटा हो, फेस वरून गेला की परत सरळ. मागं कोणी नाही ना बघून.

उद्यमनगर_फायबर
सर्फिंग येत नाही पण फायबरचं काम करतो म्हणून लिहितोय, हे कुणी सांगत नाही. बोर्ड घेताना आतला फोम कुठला ते विचारून घ्या. पीयू (पॉलियुरेथेन) फोम असेल तर तो पॉलिएस्टर रेझिननं दुरुस्त होतो, आणि आपल्याकडं उद्यमनगरात, शिरोलीत जे फायबरवाले टाक्या, बंपर, बसचे पार्ट करतात ते सगळे पॉलिएस्टरच वापरतात. पण बोर्ड इपॉक्सीचा असेल तर आत बहुतेक ईपीएस असतो, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा. त्यावर पॉलिएस्टर लावलं की त्यातलं स्टायरीन फोम खातं, डोळ्यासमोर खड्डा पडत जातो आणि वर काच (फायबरग्लासचा थर) तशीच राहते. त्यामुळं ईपीएस बोर्ड असेल तर कारागिराला इपॉक्सी रेझिनच लावायला सांगा, नसेल त्याच्याकडं तर स्वतः नेऊन द्या.

दुसरं, ईपीएसला बारीक तडा गेला तरी आत पाणी शिरतं आणि पसरतं. तडा दिसला की त्या दिवशी परत पाण्यात न्यायचा नाही, तडा खाली करून सावलीत उभा करायचा, पाणी निथळून पूर्ण सुकू द्यायचं, मगच भरायचं. ओला असताना बुजवला की उन्हात आत वाफ धरते आणि काच फोमपासून सुटते.

राजारामपुरी_पासून_लाट
मंडळी लई आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. 41 लिटरवाल्यावरच येतोय. परत जाऊन बघितला, पाच बॉक्स आहेत, टेल कापलेली आहे, आणि फरशीवर ठेवून दोन्ही बघितले तर मोठा जास्त सपाट आहे, लहान बुटका असून त्याची नोज चांगलीच वर. फोम ईपीएस आहे. @मोठा_बोर्ड_बरा तुमचं म्हणणं डोक्यात ठेवलंय, आठ फुटी भाड्यानं मिळतोच तिकडं, अगदी सपाट दिवस असेल तर तो घेईन.

शेवटचे दोन प्रश्न. मे महिन्यात बोर्ड गाडीत ठेवला तर चालतो का? आणि लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) किती फुटी घेऊ?

उद्यमनगर_फायबर
बंद गाडीत उन्हात अजिबात नको, ईपीएस आणि गडद रंगाचा असेल तर तासाभरात फुगा येऊ शकतो. जेवायला थांबलात तरी गाडी सावलीत, काचा थोड्या खाली, बोर्ड चंदेरी कव्हरमध्ये. घरी पण गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवू नका, आतल्या खोलीत भिंतीला उभा.

किल_फिन_वाला
लीश बोर्डाएवढी, सहा फुटी. वॅक्स (पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर घासायचं मेण) ट्रॉपिकलचं, म्हणजे गरम पाण्याचं घे, थंड पाण्याचं वॅक्स आपल्या समुद्रात पहिल्या दहा मिनिटांत वितळून पायाला लागतं. जायच्या आदल्या आठवड्यात सांग, त्या दिवसाचे सेकंद आणि वारा बघून कुठल्या फिन लावायच्या ते इथंच ठरवू.