वितळलेल्या मिठात स्टील आणि निकेल एकत्र चालतं का?

३१६ स्टीलचा तुकडा निकेलच्या भांड्यात फ्लोराइड मिठात ठेवला तर जास्त खराब होतो म्हणतात, पाणी तर नाहीच मग गॅल्व्हॅनिक (दोन वेगळ्या धातूंमधल्या विद्युतप्रवाहामुळे होणारं) गंजणं कसं काय?

> अहो मीठ स्वतःच आयनिक आहे, करंट वाहतो की. शिवाय धातू एकमेकांना टेकलेले नसले तरी स्टीलमधलं क्रोमियम मिठात विरघळतं आणि निकेलवर जाऊन बसतं, निकेल ते शोषत राहतं म्हणून स्टीलमधून क्रोमियम निघणं थांबतच नाही. ग्रॅफाइटचं भांडंही तसंच, त्यावर क्रोमियमचं कार्बाइड बनतं.

> म्हणूनच अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या १९६५-६९ च्या वितळलेल्या मिठाच्या रिअॅक्टरात हॅस्टेलॉय-एन हा निकेलचा मिश्रधातू होता, त्यात क्रोमियम फक्त ७% च्या आसपास!

> आणि बेरिलियम टाकून मिठाचं रेडॉक्स (धातूला गंजवण्याची ताकद) सांभाळायचे. अणुविखंडनातून तयार होणाऱ्या टेल्युरियममुळे धातूला भेगा मात्र निघाल्याच 😅