फार्मसी कौन्सिलवर सरकार नेमतं ते ५ जण येतात कुठून?

मेडिकलवाला_चाळीसगाव:
नमस्कार मंडळी. फार्मसी कौन्सिलचं, म्हणजे आपली फार्मासिस्टांची नोंदणी बघणाऱ्या मंडळाचं, इलेक्शन आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पॅनेलवाल्यांचे हात जोडलेले फोटो सुरू होतात, आमच्या ६ जणांना मत द्या म्हणून. ठीक आहे, देतो. पण महाराष्ट्राच्या कौन्सिलवर ६च जण नसतात ना, मग बाकीची मंडळी कोण आणि त्यांना बसवतं कोण? विचारायचं कारण म्हणजे आमच्याकडे एक सर आहेत, सगळा जन्म काउंटरवर गेला, कायद्याचं कलम न कलम पाठ, पण इलेक्शन लढवायचा त्यांचा पिंड नाही अन् तेवढा खिसाही नाही. त्यांचं नाव सरकारकडून लागू शकतं का? फॉर्म कुठे मिळतो? असोसिएशनच्या ऑफिसात विचारलं तर "ते वरून होतं" एवढंच ऐकायला मिळालं.

कलम_१९:
फॉर्म नाहीच, त्यामुळे शोधू नका. फार्मसी कायदा १९४८, कलम १९ काढून बघा, सगळं तिथे आहे. ६ जण आपण रजिस्टर्ड फार्मासिस्ट निवडून देतो. ५ जण राज्य सरकार नेमतं, त्यातले निदान ३ तरी फार्मसीची डिग्री-डिप्लोमावाले किंवा रजिस्टर्ड फार्मासिस्ट पाहिजेत, म्हणजे उरलेले २ कोण असावेत याला कायद्यात काही अट नाही. मग मेडिकल कौन्सिलचे मेंबर आपल्यातला एक डॉक्टर निवडून पाठवतात. आणि ३ जण खुर्चीमुळे येतात, आरोग्य खात्याचे मुख्य अधिकारी किंवा ते लेखी देतील तो माणूस, औषध नियंत्रणाचे प्रमुख म्हणजे आपले एफडीएवाले, आणि सरकारी लॅबचा अ‍ॅनालिस्ट, असे अ‍ॅनालिस्ट एकापेक्षा जास्त असतील तर त्यातला कोण ते सरकार ठरवतं. सगळे मिळून १५. तुमचे सर त्या ५ मध्ये नक्की बसू शकतात, पण अर्ज, जाहिरात, मुलाखत असलं काही कलमात लिहिलेलंच नाही. सरकारला वाटलं की नेमलं.

पुणेरी_कॅप्सूल:
आता जरा बेरीज करा राव. सरकारचे ५ आणि अधिकारी ३, झाले ८. १५ पैकी ८! आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष हेच १५ जण आपल्यातून निवडतात. म्हणजे आपण ६च्या ६ एकाच पॅनेलचे निवडून दिले तरी अध्यक्ष त्यांचाच होईल असं नाही. वकिलांचं बघा, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला २५ जण मतदानाने येतात, वर पदामुळे महाधिवक्ता म्हणजे सरकारचे मुख्य वकील, सरकारने नेमलेला वेगळा माणूसच नाही. आपल्याकडे नेमणुकीत नाव लागायचं तर मुंबईच्या चकरा आणि कुणाचं तरी पत्र, हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

बीफार्म_ताई:
पुणेरीदादा, गणित बरोबर आहे, पण ते ८ जण एकगठ्ठा मत देतीलच असं धरून चालू नका, अधिकारी बदलत राहतात आणि नेमलेल्यांत कॉलेजचे प्राध्यापकही असू शकतात. मी शिकवते म्हणून सांगते, अभ्यासक्रम कळणारा माणूस मतदानातून येणं अवघड, दुकानदारांची मतं दुकानदारालाच जातात. माझी तक्रार वेगळी आहे, नेमा, पण का नेमलं ते चार ओळीत सांगा की. डॉक्टरांच्या नॅशनल मेडिकल कमिशनसाठी निदान कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली सर्च कमिटी तरी आहे. आपल्यासाठी पण आताच्या कौन्सिलच्या व्यवस्थेच्या जागी फार्मसी कमिशन आणायच्या बिलाचा मसुदा २०२३ मध्ये आला होता, त्यात आपण मतदानाने भरायच्या जागा किती राहतात ते आधी वाचा आणि मग टाळ्या वाजवा.

मेडिकलवाला_चाळीसगाव:
ताई, दादा, धन्यवाद, एवढं कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. पण एकदा नेमला की तो किती वर्षं हलत नाही? मधेच गेला तर?

कलम_१९:
५ वर्षं, किंवा त्याच्या जागी नवा येईपर्यंत, जे जास्त असेल ते. यातच मेख आहे, सरकारने नवीन नावं काढायला उशीर केला की जुनेच बसून राहतात. सबळ कारण नसताना लागोपाठ ३ मीटिंगला आला नाही तर जागा रिकामी धरतात, मग उरलेल्या काळासाठी नवा नेमतात. जुन्यालाच परत नेमायलाही आडकाठी नाही. बाकी सरांसाठी एक करा, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाला त्यांचा बायोडाटा साध्या पत्रासोबत पाठवा, पोच घ्या. आणि सोबत १० रुपयांची आरटीआय टाका, मागच्या ५ नावांची फाइल, शिफारशी आणि टिप्पणीसकट मागा. पत्राला उत्तर देणं त्यांच्या मर्जीवर, आरटीआयला द्यावंच लागतं.

पुणेरी_कॅप्सूल:
आरटीआय टाकलीत तर इथे फोटो टाका, नावं झाकून. आणि सरांचं रिन्यूअल बघून घ्या आधी, फी थकली म्हणून रजिस्टरमधून नाव गेलेलं असलं तर नेमणूक राहू दे, मतही देता येणार नाही.

मेडिकलवाला_चाळीसगाव:
सरांना आत्ताच फोन केला, रिन्यूअल झालेलं आहे. आरटीआय म्हटल्यावर म्हणाले, "माझ्या नावाने नको, तुझ्या नावाने टाक." टाकतो सोमवारी.