'राहतोय'चं इंग्रजी नेमकं कोणतं?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, दहा वर्षांपूर्वी पुण्यात आलो. काल मुलाखतीत म्हणालो, 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स.' समोरच्या मॅडमनी वाक्य दुरुस्त केलं. 'दहा वर्षांपासून राहतोय' हा अपूर्ण वर्तमानकाळच ना? मग चुकलं कुठे?

उत्तर १ : बरोबर वाक्य 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स'. काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल आणि किती काळ ते सांगायचं असेल, तर 'हॅव बीन' लागतं. मराठीत 'अ‍ॅम लिव्हिंग' आणि 'हॅव बीन लिव्हिंग' दोन्हीला 'राहतोय'च, म्हणून घोळ होतो. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवते, दर वर्षी पहिल्या आठवड्यात हेच वाक्य फळ्यावर येतं. आणि 'पासून' दिसलं की लगेच 'सिन्स' लावू नका. मुदतीला 'फॉर', सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स': फॉर टेन इयर्स, सिन्स 2015.

उत्तर २ : मराठी दर वेळी आडवी येत नाही हं. 'गाडी सहाला सुटते' म्हणजे 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स', 'उद्या नाशिकला जातोय' म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग टू नाशिक टुमॉरो'. दोन्ही भविष्यातलं, तरी दोन्ही भाषांत वर्तमानकाळ.

प्रश्नकर्ता : मग 'आय अ‍ॅम हॅविंग टू सिस्टर्स'?

उत्तर १ : नाही, 'आय हॅव'. नातं, मालकी यांना 'आयएनजी' नको. 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' चालेल, कारण जेवण ही क्रिया आहे.