नौदलाच्या जहाजांचे पाइप स्पूल लहान वर्कशॉपना देताना करार कसा असावा?

वेर्णा_खरेदी
नमस्कार मंडळी. गोदीच्या कामातले समुद्राच्या पाण्याच्या लाइनचे स्पूल, म्हणजे कापून-जोडून तयार केलेले पाइपचे भाग, आम्ही बनवतो. ९०/१० क्युप्रोनिकल (९० टक्के तांबे, १० टक्के निकेलचा मिश्रधातू), बहुतेक १०८ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी. त्यातले कटिंग, फिटअप (तुकडे जुळवून बसवणे) आणि वेल्डिंग वेर्णा आणि तळोजा इथल्या पाच लहान वर्कशॉपना द्यायचे आहे. सगळ्यांची उद्यम (सरकारची लघुउद्योग) नोंदणी आहे, प्रत्येकाकडे आठ-दहा माणसे. आमचा छापील करार असा: दर दोन वर्षे पक्का, पैसे ९० दिवसांत, उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड, नाकारलेला माल सर्वस्वी त्यांच्या खर्चाने. हा एकतर्फी आहे हे कळते. पण सैल केला तर तपासणीत कागद टिकणार नाहीत अशी धास्ती आहे. सुरुवात कुठून करावी?

हिशेबनीस
९० दिवस आधी खोडा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तर एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) २००६ च्या कलम १५ नुसार लेखी करारातही ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. चुकलात तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी आयकराची तरतूद आहेच. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्चात धरता येत नाही. मध्यम उद्योग आणि नुसते व्यापारी यांना कलम १५ चे संरक्षण नाही, म्हणून उद्यम प्रमाणपत्रावरचा वर्ग पाहा आणि नोंदणी ऑर्डरच्या आधीची आहे ना तेही पाहा.

खरी मेख मात्र तारखेत असते. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. गोदीची तपासणी दोन महिन्यांनी होणार, म्हणून ‘तपासणी बाकी’ असा शेरा मारून बिल बाजूला ठेवणे ही सर्रास पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. ‘तपासणी बाकी’ ही हरकत नव्हे. स्पूल नंबर, जोड नंबर आणि दोष लिहिला तरच ती हरकत. चलनाच्या प्रतीवर त्याच दिवशी शिक्का आणि सही द्या. ती प्रत पुरवठादाराच्या हातात असलीच पाहिजे.

ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिले वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर) बिल वटवत असाल तर वटावाचा खर्च कोणाचा हे लिहा. उशीर तुमच्यामुळे होत असेल तर तो तुम्हीच सोसा.

हीट_नंबर
कागद टिकण्याची धास्ती रास्त आहे. पण कागद बिघडतात ते करार सैल असल्याने नव्हे. ज्याला खर्च परवडत नाही त्याच्याकडे ते बिघडतात. तुमचा दोन वर्षांचा पक्का दर हेच मोठे कारण ठरेल. तांबे आणि निकेलचे भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर रोज हलतात. भाव चढला की लहान माणसासमोर दोनच वाटा उरतात, तोट्यात काम करणे किंवा शिल्लक तुकडे वापरून पाइप मिलचे जुने प्रमाणपत्र जोडणे. म्हणून पाइप तुम्ही घ्या, त्यांना फक्त मजुरीचा दर द्या. ते जमत नसेल तर मागच्या महिन्याच्या सरासरी भावाशी बांधलेले दरबदलाचे सूत्र घाला.

मालाचा माग असा ठेवा. पाइपवरचा हीट नंबर (धातू एका खेपेत वितळवला त्या खेपेचा क्रमांक) कापण्याआधी दोन्ही भागांवर उतरवून घ्यायचा, तोही तपासनिसासमोर. कापल्यावर उतरवायचा म्हटले की उरलेला तुकडा बेवारशी होतो. प्रत्येक हीटचे एक पान करा. १०८ गुणिले ३ चा पाइप मीटरला सुमारे ८.८ किलो भरतो. प्रमाणपत्रावर ६४० किलो असतील तर त्या हीटमधून ७२ मीटरच्या आसपासच पाइप निघेल. त्याच नंबरचे ९० मीटर स्पूल आले तर झेरॉक्सवर काम चालले आहे हे उघड आहे. प्रमाणपत्राची प्रत पुरवठादाराकडून न घेता थेट मिलकडून मागवा. हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातूची घडण दाखवणाऱ्या) निकेल आणि लोह दोन्ही पाहा. ९०/१० मध्ये लोह साधारण दीड टक्का असते आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्याची झीज तेच अडवते. नुसते निकेल पाहून माल पास करू नका.

आता वेल्डिंग. ९०/१० ला फिलर (जोडात वितळवायची तार) ७०/३० चा लागतो. फिलर न घालता नुसते वितळवून जोडले की सच्छिद्रता आलीच. आतून आर्गॉनचे पर्जिंग (पाइपमधली हवा त्या वायूने बाहेर काढणे) अपुरे असेल तर मुळाशी काळा थर बसतो. लहान वर्कशॉपमध्ये पहिली काटकसर आर्गॉनवरच होते, कारण जोडाच्या एकरकमी दरात तो खर्च दिसत नाही. म्हणून दरपत्रकात आर्गॉन आणि फिलर वेगळ्या ओळींत, प्रत्यक्ष वापराप्रमाणे द्या. साध्या पोलादावर वापरलेला ग्राइंडर आणि तारेचा ब्रश या कामाला चालणार नाही. शिसे किंवा गंधक असलेल्या खडूने खुणाही करू नयेत, गरम झाल्यावर तिथे तडे जातात. निराळी जागा, निराळी हत्यारे यांचा खर्च पहिल्या ऑर्डरसोबत एकदाच द्या.

आणखी एक कलम जरूर घाला: पुरवठादाराने स्वतःहून कळवलेल्या दोषाला दंड नाही, फक्त दुरुस्ती. हे नसेल तर दोष प्लास्टिकच्या टोपीखाली झाकून तुमच्याकडे येतो आणि जहाजावर बसवल्यावर हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) सापडतो. तिथे तो स्पूल काढायचा म्हणजे आसपासच्या केबल ट्रे आणि लॅगिंगही (पाइपवरचे उष्णतारोधक आवरण) काढा.

वेर्णा_खरेदी
पाइप आम्ही द्यायचा तर वित्त विभाग पूर्ण किमतीची बँक गॅरंटी मागतो. वर्कशॉपची बँक मर्यादा तेवढी नाही. आणि ड्रॉइंगची आवृत्ती मध्येच बदलते, त्याचे काय?

हिशेबनीस
पूर्ण ऑर्डरचा पाइप एकदम देऊ नका. दोन आठवड्यांच्या कामाइतका द्या, मागच्याचा तुकड्यांसकट हिशेब आला की पुढचा. गॅरंटी तेवढ्याच किमतीची लागेल. बाकीच्यासाठी इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची लेखी हमी) आणि तुमच्या नावाचा विमा. कटिंग घट आधी नेस्टिंग करून (पाइपवर तुकड्यांची मांडणी आखून) ठरवा. अंदाजे पाच टक्के टाकले की भांडण ठरलेले.

आवृत्ती_ड
ड्रॉइंगबद्दल. प्रत्येक ऑर्डरवर आवृत्तीचे अक्षर छापा. नवी आवृत्ती आल्याच्या दिवशी कोणते स्पूल कापलेले, कोणते जोडलेले, याची दोघांच्या सहीची यादी करा. जे कापले गेले त्याचे पैसे तुमचे. दंडाचे घड्याळही त्या दिवसापासून थांबवा. तपासणीला बोलावून तुमचा माणूस तीन कामकाजाच्या दिवसांत पोचला नाही तरी थांबवा.

ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवू नका. क्रमांक घातलेली छापील प्रत द्या आणि काम संपल्यावर परत घ्या. पुरवठादाराने पुढे कोणाला काम द्यायचे असेल तर तुमची लेखी परवानगी लागेल.

ब्रॅकेट किंवा क्लॅम्प कोणी स्वतः विकसित करून देणार असेल तर डायचा खर्च वेगळा द्या किंवा किमान संख्या लिहून द्या. युद्धनौकांच्या मालिका लहान असतात. निलगिरी वर्गाची जहाजे एकूण सात, त्यातली चार माझगावला आणि तीन कोलकात्याला. इतक्या थोड्या नगांवर डाय वसूल होत नाही. त्याने बनवलेला नमुना दुसऱ्याला दाखवून दर पाडायला लावणे तर चोरीच आहे.

शिफ्ट_दोन
तपासनिसाची टॅक्सी, जेवण आणि मुक्काम तुमच्या खात्यातून द्या. पुरवठादाराने सोय करायची ही रीत पडली की रेडिओग्राफीच्या फिल्मवर नजर सैल होते. एकाच वर्कशॉपला वर्षभर एकच तपासनीस ठेवू नका.

त्यांची माणसे तुमच्या आवारात येत असतील तर दर महिन्याला पीएफ चलनातली नावे आणि गेटवरची हजेरी समोरासमोर ठेवा. गेटवर अकरा आणि चलनात सहा असतील तर बिल पास करण्याआधी उरलेल्या पाच जणांची मजुरी कशी दिली ते विचारा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर येते. टाकीत किंवा बंद कप्प्यात काम असेल तर वायुमुक्तीचा दाखला रोज, शिफ्ट सुरू होण्याआधी. आतल्यावर लक्ष ठेवायला बाहेर उभा राहणाऱ्या माणसाची मजुरी दरात धरा. धरली नाही तर त्यालाच आत कामाला लावतात.

वेर्णा_खरेदी
हीटचे पान उद्यापासूनच सुरू करतो. आमच्या स्टोअरमध्ये आधीचे बिननंबरी तुकडे पडले आहेत, त्यांचे काय करू?

हीट_नंबर
लाल पट्टा मारून आजच वेगळे ठेवा. एक्सआरएफने मिश्रधातू कळेल, हीट कळणार नाही, त्यामुळे जहाजाच्या कामाला ते बाद. वेल्डरच्या चाचणीचे कूपन (नमुना तुकडे) करायला वापरा, पाचही वर्कशॉपना वाटून द्या.