शब्दचर्चा: ‘ट्रॅक एकत्र करणे’ म्हणजे नेमकं काय करणे?

कृष्णाकाठ
साताऱ्याकडच्या एका शाहिरी पथकाचं रेकॉर्डिंग मिक्सिंगसाठी दुसरीकडे पाठवायचं आहे. शाहिरांचे पाच टेक, झीलकऱ्यांचे, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्यांचे, चार ट्रॅक (एकेकाचा वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज), शिवाय ढोलकी, डफ, तुणतुणं. तिकडून चिठ्ठी आली आहे: ‘आवाजाचे ट्रॅक एकत्र करून पाठवा.’ यातल्या ‘एकत्र’चा अर्थ काय घ्यायचा? मर्ज, कॉम्प, बाउन्स, ग्लू, कन्सॉलिडेट हे सगळे शब्द याच कामाला वापरलेले ऐकतो. मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत का?

अजिंक्यतारा
चिठ्ठी अर्धवट आहे. शाहिरांच्या पाच टेकांचं काय करायचं आणि झीलकऱ्यांच्या चार ट्रॅकचं काय करायचं, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

पाच टेकांत तेच बोल पाच वेळा म्हटलेले असतात. ते एकाच वेळी वाजवायचे नसतात. पहिला चौक, म्हणजे कडवं, दुसऱ्या टेकमधला, पुढचा चौथ्यातला, असं वेचून एक सलग गायन उभं करायचं. याला कॉम्प करणे म्हणतात, मूळ शब्द कॉम्पोझिट. (जॅझवाले पियानोच्या साथीला कॉम्पिंग म्हणतात, त्याचा इथे संबंध नाही.) झीलकऱ्यांचं उलट असतं. चौघं ‘जी जी रं जी’ एकदमच म्हणतात आणि चारही ट्रॅक एकदमच ऐकू यायला हवेत. त्यांची बेरीज करून एक फाइल काढली तर तो बाउन्स किंवा रेंडर.

कॉम्पमध्ये बेरीज नसते, निवड असते. त्यामुळे पातळी वाढत नाही. बाउन्समध्ये वाढते. पाच टेक निवड न करताच बाउन्स केले तर पाच शाहीर थोडे मागेपुढे गाताहेत अशी फाइल हाती येईल.

शब्दवेडी
बाउन्स हा शब्द आपल्याकडे चेकपुरताच माहीत. ‘ट्रॅक बाउन्स झाला’ म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं, परत आला! तो आला कुठून?

अजिंक्यतारा
टेपच्या काळातून. 1960 च्या दशकात चार ट्रॅकची यंत्रं असत. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर मिसळून उतरवायचे, म्हणजे ते तीन पुन्हा मोकळे. आवाज एका ट्रॅकवरून उडी मारून दुसऱ्यावर गेला, म्हणून बाउन्स. मूळ तीन पुसले गेले की त्यातला एखादा आवाज कमी-जास्त करण्याचा मार्ग संपला, आणि दर उडीला टेपची खरखर थोडी वाढायची. आता खरखर वाढत नाही, पण मिसळलेलं पुन्हा निवडता येत नाही हे तसंच आहे. म्हणून मराठीत ‘एकजीव करणे’ मला पटतं. एकजीव झालेलं वेगळं होत नाही हे शब्दातच आलं.

शब्दवेडी
एकजीव मान्य. ‘विलीन करणे’ मात्र नको. सांगली-मिरजेच्या संस्थानांचं 1948 साली झालं ते विलीनीकरण. ‘मिसळणे’ही टाळावं, कारण मिक्सिंगलाच आपण मिसळणं म्हणतो.

कॉम्पसाठी ‘सांधणे’? ‘जोडणे’ फार ढोबळ आहे, केबलही जोडतात. सांध्यात मात्र दोन कडा जुळवणं आलं.

मिरजवाला
सांधणे चालेल, सगळं काम सांध्यातच असतं. कापायचं ते ओळ संपल्यावर, पुढच्या श्वासाच्या आधी. ज्या ओळीचा श्वास, त्याच टेकमधून तो घ्यायचा, नाहीतर दोन श्वास लागोपाठ येतात किंवा एकही येत नाही. ओळीच्या मध्येच टेक बदलावा लागला तर क, त, प अशा व्यंजनाच्या जरा आधी कापा, तिथे क्षणभर आवाज बंदच असतो. लांबवलेल्या ‘आ’मध्ये किंवा मींडेत सांधा लपत नाही. दोन्ही टेकांचा सूर अगदी एक असला तरी कंपनं जुळत नाहीत.

क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज मावळताना दुसरा उगवतो तो भाग, 5 ते 20 मिलिसेकंद पुरतो. वेगळे टेक जोडताना इक्वल पॉवर (एकूण ऊर्जा सारखी ठेवणारा) वक्र घ्या. सरळ रेषेतला घेतला तर मधोमध साधारण 3 डेसिबलचा खळगा पडतो. एकाच टेकचे तुकडे जोडताना मात्र सरळ रेषाच बरी, तिथे इक्वल पॉवरने फुगवटा येतो.

आणि खोलीत तंबोरा असेल तर गळ्याआधी त्याच्याकडे कान द्या. जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, सलग चालू असते. सांध्यावर तारांचा क्रम चुकला, खर्जावर लगेच पुन्हा खर्ज आला, की ऐकणारा तिथेच अडखळतो. गळा थांबलेला असेल अशी जागा शोधून 150-200 मिलिसेकंदांचा लांब क्रॉसफेड द्यायचा. तंबोरा वेगळ्या वेळी सलग रेकॉर्ड केलेला असेल तर प्रश्नच नाही.

कृष्णाकाठ
तंबोरा नाही, पण डफ शाहिरांच्याच हातात आहे. क्लिकही (कानात वाजणारा लयीचा ठोका) नव्हता.

मिरजवाला
मग ओळीगणिक सांधणं विसरा. डफ त्याच माइकमध्ये उतरलेला आहे, ओळीत कापलं की थाप अर्धी तुटणार. शिवाय क्लिक नसल्यामुळे दर टेकची लय निराळी. एक चौक संपून दुसरा सुरू व्हायच्या मधली जागा गाठायची आणि तिथे सगळे माइक एकाच रेषेवर कापायचे. ढोलकी दुसऱ्या टेकची आणि गळा चौथ्याचा, हे जमणार नाही. सगळे ट्रॅक एका एडिट ग्रुपमध्ये बांधा, म्हणजे एक कापला की बाकीचे आपोआप कापले जातात.

अजिंक्यतारा
आता झील. चारही ट्रॅकचे शेंडे, म्हणजे आवाजाचे सर्वांत मोठे क्षण, उणे 6 डेसिबलला आहेत असं धरू (शून्य ही डिजिटल फाइलची कमाल पातळी). एकमेकांशी न जुळणारे चार सारखे आवाज बेरजेत सरासरी 6 डेसिबलने वाढतात, पण शेंडे नेमके एकावर एक आले तर वाढ 12 पर्यंत जाते. म्हणजे शून्याच्या वर 6. 24 बिटच्या फाइलमध्ये शून्यावरचं सगळं छाटलं जातं आणि ‘जी’ची सुरुवात चिरकते. चारही फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) सारखेच खाली घ्या किंवा 32 बिट फ्लोटमध्ये उतरवा, त्यात शून्यावरचंही शाबूत राहतं.

झील भरदार करायची म्हणून तोच ट्रॅक कॉपी करून खाली ठेवणारेही असतात. त्याने आवाज फक्त 6 डेसिबलने मोठा होतो, जाड होत नाही. डबल म्हणजे माणसाने पुन्हा गायलेलं.

सॉफ्टवेअरचे शब्दही फसवतात. ऑडॅसिटीत ‘मिक्स अँड रेंडर’ दाबलं की मूळ ट्रॅक जातात आणि त्यांच्या जागी एकच उरतो. मूळ ठेवायचे असतील तर ‘मिक्स अँड रेंडर टू न्यू ट्रॅक’, कंट्रोल-शिफ्ट-एम. रीपरमधलं ‘ग्लू’ फक्त एका ट्रॅकवरचे तुकडे चिकटवतं. चार ट्रॅकवरचे निवडून ग्लू केलं तर चार ट्रॅक चारच राहतात, आणि माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतो. प्रो टूल्सचं ‘कन्सॉलिडेट’ याच जातीचं. त्यात क्लिप गेन (तुकड्याची स्वतःची पातळी) उतरतो, पण फेडर आणि प्लगइन (आवाजावर लावलेले इफेक्ट) उतरत नाहीत, प्लगइनसाठी ‘कमिट’ आहे. लॉजिकमध्ये नुसतं ‘फ्लॅटन’ केलं तर कॉम्पचे तुकडे सुटेच राहतात, ‘फ्लॅटन अँड मर्ज’ने नवी सलग फाइल होते. तेव्हा ग्लू आणि कन्सॉलिडेट या दोघांना मी ‘सलग करणे’ म्हणेन.

शब्दवेडी
आणि मिक्सरमधली बस? काहीजण तिलाही एकत्र करणंच म्हणतात.

अजिंक्यतारा
बसमध्ये चौघं एका फेडरखाली येतात, एकाच कॉम्प्रेसरमधून जातात, पण ट्रॅक सुटेच राहतात. ‘गट करणे’ म्हणा. बहुतेक वेळा लोकांना हवं असतं ते हेच आणि मागतात बाउन्स.

मिरजवाला
एक राहिलं. एका गळ्याला दोन माइक लावले असतील तर एकजीव करण्याआधी लाटा मोठ्या करून पाहा. एक माइक 34 सेंटीमीटर मागे असला की आवाज तिथे 1 मिलिसेकंद उशिरा पोचतो. बेरजेत 500 हर्ट्झच्या आसपास खड्डा, पुढे 1500 ला. शाहिरी गळा एकदम डब्यातला वाटतो, आणि मग इक्वलायझर कितीही फिरवा.

कृष्णाकाठ
एका गळ्याला एकच माइक आहे. मग चिठ्ठीला उत्तर असं लिहू? ‘शाहिरांचे टेक चौकागणिक सांधून सलग केले आहेत. झील चार वेगळ्या फाइलींत आहे, एकजीव केलेली नाही.’

अजिंक्यतारा
बरोबर. झीलीवर रिव्हर्ब (घुमारा) आणि मास्टरवर लिमिटर (शेंडे दाबणारा) असेल तर दोन्ही बंद करून उतरवा. सगळ्या फाइली एकाच शून्य बिंदूपासून सुरू करा, झील चौथ्या मिनिटाला येत असली तरी आधीची चार मिनिटं शांतता राहू द्या, म्हणजे तिकडे जागा शोधावी लागत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो चिठ्ठीत लिहा. 48 हजारांची फाइल 44.1 हजारांची समजून वाजली तर लय रेंगाळते आणि पेटीतल्या काळी एकचा सूर पांढरी एकच्याही खाली घसरतो. आणि न सांधलेले पाचही टेक वेगळ्या फोल्डरमध्ये द्या. एखादा सांधा तिकडच्या कानाला खटकला तर त्यांना दुसरा टेक घेता येईल.